मजकूर तपासला, ठीक

लालबाग, मुंबई
दि. १९ एप्रिल २०२५

चि. आकांक्षास,

अनेक आशीर्वाद.

तू माझा फोन घेत नाहीस आणि तुझी आई माझे निरोप नेत नाही. "मी टपाल नाही. लालबागहून अँटॉप हिलला कागद न्यायला पोस्ट खातं आहे," असे तिने परवा भाजी निवडता निवडता मला ऐकवले. म्हणून हे पत्र. तू सध्या राहतेस त्या मृणालिनी मावशीच्या सरकारी क्वार्टरचा पत्ता मी इमारत क्रमांक आणि पिनकोडसह लिहिला आहे. पत्र पोहोचले नाही असे म्हणण्याची सोय मी ठेवलेली नाही.

गिरणीच्या वेबसाइटवरची सर्व चित्रे मी काढून टाकली आहेत. एकूण अठ्ठेचाळीस होती. ती जमवायला तू दोन वर्षे खपलीस हे मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनच काढली. आता तेथे फक्त मजकूर आहे. कोणती मिरची कोठून येते, देठ काढल्यावर तिला किती उन्हे द्यावीत, धणे भाजताना रंग कोठवर येऊ द्यावा, एवढेच. मसाला कांडप गिरणीला एवढे पुरेसे असावे. ज्याला मसाला कुटून घ्यायचा आहे तो वाचेल.

तू नेमलेल्या सल्लागाराला, विनीतला, हे पटलेले नाही. "काका, फोटोशिवाय पोस्ट म्हणजे बंद शटर. लोक थांबतच नाहीत, अंगठा वर सरकतो."

"अंगठा सरकवणाऱ्याला मसाल्यातले काय कळते?" मी विचारले.

"काहीच नाही कळत, काका. म्हणून तर फोटो लागतो."

तो हसला, मी हसलो नाही. चित्रे काढल्यापासून वेबसाइटवरून एकही मागणी आलेली नाही. ही बातमी तुला तो देईलच, तेव्हा मीच देऊन टाकतो.

चित्रांबद्दल माझा आक्षेप पहिल्या दिवसापासूनचा आहे. "बेडगी मिरची" या शीर्षकाखाली तू जे परदेशी छायाचित्र विकत आणून लावलेस, त्यातल्या मिरच्या जाड, गुळगुळीत आणि चकचकीत होत्या. भोपळी मिरचीच्या चुलतबहिणी. बेडगीला सुरकुत्या असतात, आणि आपल्याकडे येणारी बाई त्या सुरकुत्यांवर बोट फिरवूनच माल घेते. मी हे सांगितले तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, फील महत्त्वाचा." आपण फील कुटून देत नाही.

तरी ते मी सोसले. पाडव्याची जाहिरात सोसण्यासारखी नव्हती.

तुझ्या आजोबांनी, गुणाजी तावडे यांनी, मिल सुटल्यावर ही गिरणी उभी केली. भिंतीवर पाटी न लावता त्यांनी एक नियम पाळला, की बाईने सांगितलेली यादी मोठ्याने वाचायची नाही. मालवणी घरची असो, आगरी असो, कोळी असो, प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे. बाई हळू आवाजात सांगे, आजोबा लिहून घेत आणि वही मिटत. तिचा घाणा यंत्रात असेपर्यंत पुढची बाई उंबऱ्याबाहेर उभी राही. अजूनही राहते. त्या वहीत आज एकशे त्रेसष्ट घरांच्या याद्या आहेत. त्रेचाळीस वर्षांत एकही यादी त्या वहीतून बाहेर गेली नव्हती.

तू तांब्याच्या वाडग्यात लाल मसाला ठेवलास, वर दगडफूल ठेवलेस, आणि मागे शोभेसाठी ती वही उघडी ठेवलीस. पान होते वरळीच्या सुंदराबाईंचे. बारा हजार लोकांनी ते पाहिले. पंधरा दिवसांच्या आत कोणा पाकीटवाल्याने "वरळी कोळी मसाला, जुन्या वहीतल्या प्रमाणाने" असा माल ऑनलाइन विकायला काढला.

सुंदराबाई गिरणीत आल्या तो दिवस तुला आठवतच असेल.  त्यांनी मोबाईल गल्ल्यापाशी ठेवला, पडद्यावर ते पाकीट होते. मी तुला हाक मारली आणि अकरा गिऱ्हाइकांच्या देखत म्हणालो, "डोळे आहेत की बटणं? एवढी शिकलीस, पण घरातलं काय बाहेर न्यायचं नि काय नाही, एवढं कळत नाही?" तू "बाबा, तुम्हीच..." असे काहीसे म्हणू लागलीस. मी म्हणालो, "एक शब्द नको." तू एप्रन काढून खुंटीला लावलास आणि गेलीस.

शब्द कठोर होते. ते मी मागे घेत नाही.

तुझा पिता,
गंगाधर तावडे


लालबाग
दि. २८ एप्रिल

चि. आकांक्षास, आशीर्वाद.

पाकीट मिळाले. आत पत्र नव्हते, एकच कागद होता. पाडव्याच्या जाहिरातीची छापील प्रत.

मी पडद्यावर काही तपासत नाही, कागदावर तपासतो. त्यामुळे तू मला प्रत्येक जाहिरात छापून दाखवत होतीस हे खरे. या प्रतीवर लाल शाईने तीन दुरुस्त्या आहेत. "घरगुती चवीचा" हे मी खोडले, कारण गिरणी म्हणजे घर नव्हे. "शंभर टक्के शुद्ध" मधले "शंभर टक्के" खोडले, कारण नव्व्याण्णव टक्के शुद्ध असे काही नसते. तिसरी दुरुस्ती स्वल्पविरामाची. खाली "मजकूर तपासला, ठीक" असा शेरा, माझी सही आणि २८ मार्च ही तारीख.

शेरा नीट वाच. मजकूर तपासला असे लिहिले आहे. चित्र तपासले असे कोठेही लिहिलेले नाही. माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या पदवीधराला सही कशाखाली केली आणि कशाखाली केली नाही यातला फरक कळतो. चित्र हा तुझा विभाग होता. वही हाताळू का असे तू विचारलेस तेव्हा मी हो म्हणालो, तेही नाकारत नाही. पण मला वाटले तू पुठ्ठ्याचे छायाचित्र घेणार आहेस.

हातात कागद आहे म्हणून बाजी मारली असे समजू नकोस.

गंगाधर तावडे


लालबाग
दि. ४ मे

प्रिय आकांक्षा,

मागचे पत्र पेटीत टाकून परत आलो, तर तुझी आई तो कागद घेऊन खिडकीशी बसलेली. तिने चष्मा वर केला आणि म्हणाली, "अहो, हे अक्षर तुमचंच आहे ना?"

मला वाटले ती लाल शेऱ्याबद्दल बोलते आहे. तिचे बोट चित्रावर होते.

आजोबांची मूळ वही पाण्याने खराब झाली तेव्हा, २००९ साली, मी ती सबंध नव्याने उतरवून काढली होती. चार महिने लागले होते. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस, शेजारी बसून माझ्या वेलांट्या गिरवायचीस. वाडग्याच्या मागे ते पान तिरपे, थोडे धूसर, पण वाचता येईल इतके स्पष्ट आहे. वरच्या ओळीत "सुंदराबाई, वरळी" असे माझ्या हातचे शब्द आहेत. खाली माझेच आकडे. त्या कागदापुढे मी २८ मार्चला किमान पंधरा मिनिटे बसलो असेन. स्वल्पविराम शोधला, आणि माझेच अक्षर मला दिसले नाही. ज्या भागाला मी चित्र समजलो तिकडे मी पाहिलेच नव्हते. आतापर्यंतच्या अठ्ठेचाळीसपैकी एकाही चित्राकडे पाहिले नव्हते. ती परदेशी मिरचीसुद्धा मला एका गिऱ्हाइकाने दाखवली, तेव्हा कळली.

आणि तू तेच पान का निवडलेस, हे मला आईने सांगितले. वहीतले ते सर्वांत सुबक उतरलेले पान म्हणून. "बाबांचं अक्षर लोकांना दिसू दे," असे तू तिला म्हणाली होतीस. तुला ते अक्षर इतके सवयीचे, की त्यात एका घराची यादी आहे हे तुझ्याही ध्यानात आले नाही. ही तुझी चूक आहे आणि ती मी लहान करून सांगणार नाही. पण तू ती माझ्यापुढे कागदावर ठेवली होतीस. तिच्यावर सही माझी आहे. अकरा जणांसमोर तू "बाबा, तुम्हीच" म्हणालीस, तेव्हा मला ती सही आठवली होती. पुसट, पण आठवली होती. म्हणूनच "एक शब्द नको" म्हणालो.

हे वाक्य लिहायला मला पाच दिवस लागले.

काल वरळी कोळीवाड्यात गेलो. आई म्हणाली निरोप ती पोहोचवेल, मी म्हटले नको. सुंदराबाई दारात बसल्या होत्या. पुढे बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते. मला पाहून म्हणाल्या, "आलास? बस. त्या टोपलीवर नको, सुकट हाय तिच्यात."

मी उभाच राहिलो. "सुंदराबाई, ते पान मुलीने लावले. पण लावण्याआधी मला दाखवले होते. मी सही केली. चूक माझी."

"मंग तवा गिरणीत का नाय बोललास?"

"तेव्हा आठवले नाही," हे माझ्या तोंडात आले होते. त्यांनी मला बोलू दिले नाही. "बघ हां गंगाधर, मासळीवर बसून उभा जलम गेला माजा. शिळं काय नि ताजं काय, वासावरनं कळतं."

"आठवले होते," मी म्हणालो.

"हां. आता बस."

मी बसलो. त्यांनी मांडवावरचा एक बोंबील सारखा केला. मग म्हणाल्या, "मसाला गेला त्याचं येवढं नाय रं. कुनी येऊन माज्या हातासारखा करून दाखवावा. पन माज्या सासूनं मना ती यादी दिली ती दार लावून. सात वर्सं तिच्या हाताखाली मिरच्या खुडल्या तवा. मी बकुळाला येत्या नारळी पुनवेला देनार होते. आता तिनं ती मोबाईलवर वाचली असंल. बसमधी, उभ्या उभ्या. मी काय देऊ तिला आता? सांग ना, बी.कॉम. झालायस ना?"

 आतून त्यांची धाकटी सून बकुळा ओल्या हातांनीच बाहेर आली. "आई, मी नाय वाचली."

"साऱ्या कोळीवाड्यानं वाचली, नि तू नाय?"

"वर तुमचं नाव दिसलं नि मोबाईल बंद केला. म्हटलं, तुम्ही द्याल तवा." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या गिरणीत उंबऱ्याबाहेर उभं राहायची सवय हाय ना आम्हाला."

सुंदराबाईंनी पदराने तोंड पुसले. ते घामासाठी होते की कशासाठी, हे मी पाहिले नाही. तुझ्या बापाला अजून सर्व गोष्टींकडे पाहता येत नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "पान माजं आनून दे. नि पोरीला आन."

"ती येत नाही."

"मंग तू जा. अँटॉप हिल काय रत्नागिरीला हाय?"

मी येणार नाही, आकांक्षा. हट्ट म्हण हवे तर. दारात येऊन उभा राहिलेल्या बापाला नाही म्हणणे अवघड असते, आणि मावशीसमोर तर अशक्य. तुला नाही म्हणता आले पाहिजे. म्हणून कागद पाठवतो.

बाबा


लालबाग
दि. १८ मे

प्रिय आकांक्षा,

सुंदराबाईंचे पान मी पट्टी लावून वहीतून कापले आणि नेऊन दिले. परतताना बसमध्ये माझ्या मनात आले की उरलेली एकशे बासष्ट घरे अजून माझ्या कपाटात आहेत. ज्या वहीचे एक पान बाहेर जाऊ शकते, तिचे कोणतेही जाऊ शकते. त्यांनी माझ्या वडिलांवर भरवसा ठेवला होता, आणि मी तो भरवसा तपासून ठीक म्हणून पाठवला.

विनीतला हे कळले तेव्हा तो धावत आला. "काका, ती वही म्हणजे सोनं आहे! एक पान, एक रील. एकशे बासष्ट आठवड्यांचं कंटेंट. एका पोस्टला बारा हजार लोक आले, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. म्हणूनच पाने परत देतो आहे."

"निदान स्कॅन तरी करून ठेवा. कोणाला दिसणार नाही."

"मला दिसेल," मी म्हणालो. त्याने कपाळाला हात लावला. शेजारच्या गिरणीवाल्याने तर रस्त्यातच विचारले, "काय तावडे, गिऱ्हाईक परत देताय की काय?" त्यालाही मी हो म्हणालो. उद्या हीच मंडळी दुसऱ्या गिरणीत यादी घेऊन गेली तर जाऊ देत. यादी त्यांची आहे.

गेल्या दोन आठवड्यांत एकशे एकोणपन्नास पाने ज्यांच्या त्यांच्या हातात गेली. काही घरांतली जुनी माणसे वारली, काही घरे मुलुंड-डोंबिवलीला राहायला गेली, तिथे तुझ्या आईने फोन लावले. ती आता टपाल झाली आहे, हे तिला सांगू नकोस. तेरा पाने कापून वेगळी ठेवली आहेत, त्यांची माणसे अजून शोधतो आहे. गिरगावच्या एका म्हाताऱ्या बाईंनी पान हातात घेतले, वाचले आणि म्हणाल्या, "अय्या, हे जायपत्रीचं माप मीच विसरले होते की!" चुलीसमोर बसल्याप्रमाणे त्या मोठ्याने वाचू लागल्या, आणि गिरणीतल्या सहा बाया आपणहून उंबऱ्याबाहेर गेल्या.

त्याच दिवशी, गर्दीच्या वेळी, मी यंत्र बंद करायला लावले. तुला बोललो होतो त्याच जागी उभा राहिलो. म्हणालो, "पाडव्याच्या जाहिरातीतली चूक माझी होती. आकांक्षाने मला दाखवली होती, मी सही केली होती. तिला मी सर्वांसमोर बोललो, म्हणून हेही सर्वांसमोर."  मग मागून एक बाई म्हणाल्या, "बरं झालं. आता यंत्र चालू करा, माझी बस आहे."

आता मुख्य गोष्ट. वेबसाइट कोरी ठेवून चालणार नाही, हे मी मान्य करतो. ते विनीतमुळे नव्हे. मी लिहिलेला मजकूर मीच पुन्हा वाचला. त्यात काही चूक नाही, आणि त्यात कोणी नाही. माणसे, हात, सुरकुत्या काहीच नाही. परदेशी मिरचीबाबत मात्र मी तसूभरही हटणार नाही. जे आपल्या गिरणीत नाही ते आपल्या चित्रात असणार नाही.

मी स्वतः एक छायाचित्र काढले आहे, तुझ्या आईच्या मोबाईलवर. मसाला चाळायच्या मोठ्या चाळणीत वहीचा रिकामा पुठ्ठा आहे. शिवणीत कापलेल्या पानांच्या कडा उभ्या आहेत. बाजूला मूठभर बेडगी, आपलीच. पहिले चित्र काढून मी त्याकडे पाहत बसलो, अर्धा तास, मजकूर वाचतो तसा, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. स्टीलच्या डब्यात एका गिऱ्हाईक बाईचा चेहरा उमटलेला सापडला. डबा काढला आणि दुसरे चित्र घेतले. त्यात मागच्या पिशवीवर कोणाचा तरी फोन नंबर होता. तिसरे घेतले, ते हलले. चौथ्यात तुझा एप्रन आला आहे, खुंटीला लागलेला, कडेला अर्धाच. तो मी काढलेला नाही. खुंटीवरूनही नाही आणि चित्रातूनही नाही. ठेवायचा की कापायचा, ते तू सांग.

चित्राखाली हा मजकूर लिहिला आहे:

"आमच्या वहीत आता एकही यादी नाही. तुमची यादी तुमच्याकडे आहे. घेऊन या, हळू आवाजात सांगा, आम्ही कुटून देऊ. पाडव्याच्या जाहिरातीतली चूक आमची होती. गंगाधर तावडे."

विनीत म्हणतो, हे आज संध्याकाळीच टाकले नाही तर उन्हाळ्याचा मोसम हातचा जाईल. आठवड्याभराचेच ऊन उरले आहे, त्याचे म्हणणे बरोबर आहे. मोसम जाऊ दे. तुझी सही आल्याशिवाय हे पान कोणाला दिसणार नाही. तुझी सही आली नाही, तर कधीच दिसणार नाही, आणि त्याचा दोष मी तुला देणार नाही.

छापील प्रत सोबत जोडली आहे. चित्राखाली माझा शेरा आहे: "चित्र पाहिले." ठीक हा शब्द लिहिलेला नाही. तो लिहायचा की नाही, हे तू ठरव. मजकूर मी मुद्दाम तपासलेला नाही. त्यात एखादा स्वल्पविराम चुकला असेल.

लाल पेन पाकिटात आहे.

बाबा